‘दऱ्या’ शोधलं आणि ‘दर्या’ सापडला: एआयच्या काळात आपला हात चालू ठेवण्याबद्दल

अर्धविराम (धागाकर्ती)

चौदा वर्षं प्रोग्रामिंग करतेय. गेल्या वर्षभरात एक गोष्ट खटकायला लागली आहे. ती आधी सांगते, मग ज्या बगमुळे हा धागा काढावासा वाटला त्याच्याकडे येते.

संध्याकाळी लॅपटॉप मिटते तेव्हा तीन-चार टिकेटं (कामाच्या नोंदी) बंद झालेली असतात. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकाबद्दल कुणी काही विचारलं तर मला कोड उघडूनच बघावा लागतो. पूर्वी असं नव्हतं. एखादा बग तीन-तीन दिवस छळायचा, पण सुटेपर्यंत त्या मॉड्यूलचा कानाकोपरा पाठ झालेला असायचा. सहा महिन्यांनी कुणी विचारलं, "हे फंक्शन इथे नल का परत करतं?" तरी उत्तर जिभेवर असायचं. आता काम उरकतं, पण हाताला काही लागत नाही.

आता तो बग. आमच्या एका प्रकल्पात मराठी लेखांचा मोठा साठा आहे आणि त्यातला शोध मी सांभाळते. एका वाचकाची तक्रार आली की "दुसऱ्या" हा शब्द शोधला तर निम्मेच लेख येतात. जो लेख समोर उघडा आहे, ज्यात तो शब्द डोळ्यांनी दिसतोय, तोसुद्धा यादीत नाही. मी तक्रार जशीच्या तशी एआय टूलला दिली. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, आणि ते देखणं होतं. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना आकडे देण्याच्या जागतिक पद्धतीत, एकच अक्षर दोन प्रकारे साठवता येतं, म्हणून सगळा मजकूर एनएफसी या प्रमाणित रूपात आणा, शिवाय न दिसणारी अक्षरं काढून टाका. सोबत बारा टेस्ट, बाराही हिरव्या, म्हणजे पास. मी मर्ज केलं, म्हणजे तो बदल मुख्य कोडमध्ये घेतला.

तक्रार गेली नाही. मी ती परत टूलला सांगितली. त्याने एक ओळ वाढवली: शोधाच्या इंडेक्समध्ये, म्हणजे कोणता शब्द कुठल्या लेखात आहे त्या सूचीत, ‘ऱ’चा ‘र’ करा. आता "दुसऱ्या" सगळीकडे सापडायला लागला. टिकेट बंद. चार दिवसांनी दुसरी तक्रार आली. "दऱ्या" शोधलं की समुद्रावरचे लेख येतात, आणि "आचाऱ्यांना" शोधलं की स्वयंपाक्यांच्या आधी सगळे आचार्य हजर होतात.

तेव्हा कुठे मी टूल बंद केलं आणि पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. डेटाबेसमधून तो एक शब्द काढला आणि त्याचे कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडने प्रत्येक चिन्हाला दिलेले आकडे, एकेक करून छापले. एका लेखात "दुसऱ्या"ची लांबी ७ आली: द, उकार, स, ऱ, हलन्त, य, काना. दुसऱ्या लेखात ८. तिथे ‘ऱ’च्या जागी साधा ‘र’, मग हलन्त, आणि त्याच्यापुढे शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे आपला झेडडब्ल्यूजे. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. काही लेखांत तिसराच प्रकार होता, ‘र’ वेगळा आणि त्याखालचा नुक्ता (टिंब) वेगळा. तिथेही लांबी ८. एनएफसीने पहिला आणि तिसरा प्रकार एक होतात. मधल्याला ते हातच लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी तो वेगळा क्रम आहे. टूलने स्वतःच बनवलेल्या त्या बारा टेस्टमध्ये पहिला आणि तिसरा प्रकार तेवढा होता, म्हणून त्या हिरव्या होत्या. आणि "न दिसणारं अक्षर" म्हणून काढून टाकलेला तो जोडकच अर्ध्या ‘र’ला धरून होता. तो काढला की ‘र’चा रफार होतो आणि ‘य’च्या डोक्यावर जाऊन बसतो. पुढे ‘ऱ’सुद्धा ‘र’ झाला आणि दऱ्या आणि दर्या यांच्यात फरकच उरला नाही.

दुरुस्ती शेवटी एका ओळीची निघाली. ‘र’, हलन्त, जोडक असा क्रम दिसला की त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त करायचा, मग एनएफसी, आणि हे साठवलेल्या मजकुराला तसंच शोधणाऱ्याने टाइप केलेल्या शब्दालाही लावायचं. ती ओळ लिहायला मला साडेतीन तास लागले. गेल्या वर्षातले ते माझे सगळ्यात चांगले साडेतीन तास होते. घड्याळाकडे एकदाही लक्ष गेलं नाही.

टूलचं चुकलं याचं मला तितकंसं लागलं नाही. मी तो शब्द आतून न बघता दोनदा मर्ज केलं, याचं लागलं. नोकरीच्या पहिल्या वर्षात मला निम्म्या गोष्टी येत नव्हत्या, पण तेव्हाच्या मी आधी तो शब्द छापून बघितला असता. दुसरं काही सुचलंच नसतं. म्हणजे ही सवय मला होती आणि ती वर्षभरात मोडली.

तेव्हापासून स्वतःला एक बंधन घालून घेतलंय. माझ्या नावाने मर्ज होणारा बदल मला कोड समोर नसताना समजावून सांगता आला पाहिजे. नाही आला तर तो थांबेल, मग तो कुणीही लिहिलेला असो. आणि आठवड्यातला एक बग पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत हाताने सोडवायचा.

तुम्ही काय करता? ज्यांना हे काम अजूनही कारागिरी म्हणून आवडतं, त्यांनी जरूर लिहा. ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांनी तर नक्कीच.

रात्रपाळी

अगदी माझ्या मनातलं लिहिलंत. "हाताला काही लागत नाही" हे वाक्य मी कित्येक महिने शोधत होतो.

मी ऑन-कॉल टीममध्ये आहे, म्हणजे बिघडलेलं रात्री दुरुस्त करणाऱ्यांत. माझा अनुभव सांगतो. आमच्याकडे पैसे भरण्याच्या सेवेला कधी कधी उत्तर यायला उशीर व्हायचा. एकाने टूलकडून पुन्हा प्रयत्न करणारा कोड लिहून घेतला. वाचायला सुरेख होता. पहिल्या प्रयत्नानंतर एक सेकंद थांब, मग दोन, मग चार, शिवाय सगळे एकाच वेळी धडकू नयेत म्हणून मध्ये थोडा यादृच्छिक उशीर. पुस्तकात असावा तसा. रिव्ह्यूत दोघांनी पसंती दिली, त्यातला एक मी.

रात्री दोनला फोन वाजला. काही लोकांचे पैसे दोनदा, काहींचे तीनदा कापले गेले होते. टाइमआउट म्हणजे "उत्तर आलं नाही", त्याचा अर्थ "काम झालं नाही" असा होत नाही. पलीकडे पैसे कापले गेले होते, निरोप तेवढा वाटेत अडकला होता. प्रत्येक व्यवहाराला एक कायमची खूण द्यायला हवी होती, म्हणजे तीच विनंती दुसऱ्यांदा आली तर पलीकडची सेवा पहिलंच उत्तर परत देते. ती खूण कोडमध्ये नव्हती. आणि नसलेली गोष्ट रिव्ह्यूत दिसायची तर ती आधी डोक्यात असावी लागते.

ती माझ्या डोक्यात होती. काही वर्षांपूर्वी असाच एक प्रकार मी स्वतःच्या हाताने करून ठेवला होता आणि स्वतःच निस्तरला होता. पण त्या दिवशी समोरचा कोड इतका नीटनेटका होता की माझी नजर त्यावरून घसरत गेली. ओबडधोबड कोड वाचताना आपण सावध असतो. हा कोड वाचताना मी सावध नव्हतो, आणि हे मला अजून सलतं.

ढोबळमानाने

थोडा वेगळा सूर लावतो.

ताई, तुमचा बग मी आत्ता माझ्याकडच्या टूलला नीट शब्दांत विचारला: "मराठीतला अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये किती प्रकारे लिहिला जातो?" त्याने तिन्ही प्रकार सांगितले, दर्या आणि दऱ्याचं उदाहरणही दिलं. म्हणजे माहिती तिथे होती.

दुसरं असं की ही रुखरुख नवी नाही. १९५७मध्ये फोरट्रान भाषेचा कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, आला तेव्हा हाताने मशीनच्या भाषेत लिहिणाऱ्या अनेकांना खात्री होती की यंत्र आपल्याइतका चपळ कोड बनवूच शकणार नाही. आज आपल्यापैकी कुणाला त्याची खंत आहे? आपण एक पायरी वर गेलो आणि मोठ्या गोष्टी बांधायला लागलो. आता आणखी एक पायरी वर जातोय.

मला वस्तू बनवायला आवडतं. तीन वर्षं डोक्यात असलेलं एक छोटं ॲप मी गेल्या महिन्यात दोन शनिवार-रविवारांत उभं केलं, आणि ते माझ्या घरचे रोज वापरतात. त्यातला निम्मा कोड मी वाचलेला नाही. तो आनंद खोटा होता असं मला वाटत नाही.

अर्धविराम

@ढोबळमानाने, तुमचा आनंद खोटा मुळीच नाही. घरच्यांसाठी बनवलेलं ॲप बिघडलं तर तुम्ही ते बाजूला ठेवाल. माझं बंधन ज्या कोडवर अनोळखी माणसं विसंबून आहेत त्याच्यापुरतं आहे.

तुम्ही टूलला जो प्रश्न विचारलात तो मात्र परत वाचून बघा. त्यात "अर्धा र" आहे, "युनिकोड" आहे, "किती प्रकारे" आहे. माझ्याकडे पहिल्या दिवशी फक्त "निम्मे लेख येत नाहीत" एवढंच होतं. त्या तक्रारीपासून तुमच्या प्रश्नापर्यंतचं अंतर म्हणजेच ते साडेतीन तास.

कंपायलरच्या तुलनेवर मी बराच विचार केला आहे, कारण मलाही ती आधी पटायची. कंपायलरकडे मी जे देते त्याचा अर्थ ठरलेला असतो. भाषेचे नियम लिहिलेले आहेत आणि कंपायलरने ते मोडले तर तो कंपायलरचा बग. म्हणून आपण मूळ कोड जपतो आणि बनलेली मशीनची भाषा खुशाल टाकून देतो, हवी तेव्हा परत बनवता येते. एआयच्या बाबतीत काय जपतो? प्रॉम्प्ट, म्हणजे टूलला दिलेली सूचना, कुणी जपत नाही. जपला जातो तो बनलेला कोड, आणि पुढची दहा वर्षं तोच वाचायचा आणि बदलायचा असतो. पायरी वर गेल्यासारखं वाटतं, पण राहायचं मात्र त्याच मजल्यावर आहे.

जुना_खांब

धागा वाचून राहवलं नाही. या क्षेत्रात मला तीस वर्षं होतील. आधी एक कबुली देतो, म्हणजे माझं बोलणं जुन्या काळाच्या गोडव्यात जमा होणार नाही. हाताने लिहिलेला कोड म्हणजे चांगला कोड असं कधीच नव्हतं.

बायनरी सर्च सगळ्यांना माहीत असतो. क्रमाने लावलेल्या यादीत मधोमध बघायचं, मग अर्धी यादी सोडून द्यायची. मधला स्थानांक काढायला खालचा आणि वरचा अंक मिळवून दोनने भागतात. जावाच्या प्रमाणित लायब्ररीत हे असंच लिहिलेलं होतं. ती बेरीज २,१४,७४,८३,६४७च्या पुढे गेली की ३२ बिटांत मावत नाही आणि ऋण होते. यादी प्रचंड मोठी असल्याशिवाय हे घडत नाही, म्हणून ही चूक सुमारे नऊ वर्षं तिथे बसून होती. ज्यांनी तो कोड लिहिला होता त्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६मध्ये ती जाहीरपणे सांगितली. दुरुस्ती अशी: वरच्यातून खालचा वजा करा, त्या फरकाचं अर्ध करा आणि ते खालच्यात मिळवा. निष्णात माणसाचा हात, हजारोंनी वाचलेला कोड, दहा-बारा ओळी. तरीही.

त्यामुळे "हाताने लिहा म्हणजे चुका होणार नाहीत" असं मी कुणालाच सांगणार नाही. हाताने लिहिण्याचा उपयोग निराळा आहे. डेन्मार्कच्या पीटर नौर यांनी १९८५मध्ये एक निबंध लिहिला. प्रोग्राम म्हणजे लिहिलेला मजकूर नव्हे, तो लिहिणाऱ्यांच्या डोक्यात तयार झालेली समज हाच खरा प्रोग्राम, असा त्याचा गाभा. ती समज असलेली माणसं गेली की प्रोग्राम मरतो, भले तो चालू असो आणि त्याची कागदपत्रं पूर्ण असोत. मी असे मेलेले प्रोग्राम सांभाळले आहेत. वीस वर्षांपूर्वी एका जुन्या हिशेबाच्या प्रणालीत एक ओळ होती, विशिष्ट प्रकारच्या खात्यांना महिन्याच्या शेवटच्या दिवशी वगळणारी. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. काढायची हिंमत होईना, ठेवायचं कारण सापडेना. तिच्याभोवती आम्ही चार वर्षं वळसे घालत राहिलो.

मला भीती वाटते ती याची. पूर्वी प्रोग्राम असा मरायला माणसं निवृत्त व्हावी लागायची. आता लिहिल्याच्या दिवशीच त्याची समज कुणाच्याच डोक्यात नसते.

आणखी एक. लिझान बेनब्रिज यांचा १९८३चा स्वयंचलनावरचा लेख कारखाने आणि विमानं यांच्या संदर्भातला आहे, पण आज तो आमच्यावरच लिहिल्यासारखा वाटतो. सोपं काम यंत्राकडे दिलं की माणसाकडे फक्त अवघड काम उरतं, यंत्र अडलं की हाती घ्यायचं. पण सोपं काम रोज करण्यातूनच तर अवघड कामाची तयारी होत असते. ती तयारी थांबते, आणि नेमक्या अडचणीच्या वेळी अनभ्यस्त माणूस पुढे येतो. रात्रपाळी, तुमच्या दोनच्या फोनला पाच वर्षांनी कोण उठणार आहे, हा प्रश्न मला झोपू देत नाही.

मोजपट्टी

काका, प्रतिसाद साठवून ठेवतेय.

माझी अडचण जरा वेगळी आहे. मला हे सगळं पटतं, करायचंही असतं. पण आमच्याकडे आठवड्याला कुणाचे किती पीआर (बदलांचे प्रस्ताव) मर्ज झाले त्याचा तक्ता सगळ्यांना दिसतो. शेजारचा सहकारी दिवसाला चार टाकतो. परवा माझ्याकडे १४०० ओळींचा एक पीआर रिव्ह्यूला आला, सकाळी लिहिलेला, संध्याकाळपर्यंत पसंती हवी म्हणून. मी त्याला त्यातल्या तात्पुरत्या साठ्याबद्दल विचारलं, "ही कॅश कधी रिकामी होते?" तो म्हणाला, "थांब, विचारून सांगतो." कुणाला विचारणार होता ते कळलंच. मला त्याचा राग आला नाही, वाईट वाटलं. हुशार मुलगा आहे. त्याला थांबायला कुणी वेळच दिलेला नाही.

वेगाबद्दल बोलायचं तर एक गोष्ट सगळ्यांनी वाचावी. २०२५मध्ये मेटर या संस्थेने एक प्रयोग केला. १६ अनुभवी प्रोग्रामर, त्यांच्या स्वतःच्या ओळखीचे ओपन सोर्स प्रकल्प, २४६ कामं. कोणत्या कामाला एआय वापरायचं आणि कोणत्याला नाही हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं. एआय वापरलेल्या कामांना सरासरी १९ टक्के जास्त वेळ लागला. मला धक्का पुढच्या आकड्याने बसला. काम संपल्यावरसुद्धा त्यांना वाटत होतं की एआयमुळे आपण सुमारे २० टक्के वेगाने काम केलं. ती त्या वेळची टूल्स होती, मोठे आणि जुने प्रकल्प होते, माणसं सोळाच होती, त्यामुळे सगळ्यांना सरसकट लागू होईल असं मी म्हणत नाही. पण स्वतःच्या वेगाबद्दलचा आपला अंदाज इतका फसू शकतो, एवढं तरी त्यातून घेण्यासारखं आहे.

मी सध्या एवढंच करते की ४०० ओळींपेक्षा मोठा पीआर तुकडे करून मागते, आणि प्रत्येक तुकड्यात "असं का केलं" हे दोन वाक्यांत लिहिलेलं असल्याशिवाय वाचायला घेत नाही. तक्त्यात माझं नाव खाली आहे. राहू दे.

पहिलीपायरी

नमस्कार. मी शेवटच्या वर्षाला आहे. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले.

तुम्हा सगळ्यांना एक गोष्ट आधीच मिळालेली आहे, ती म्हणजे एआय नसतानाची वर्षं. ताई म्हणतात की सवय होती आणि ती मोडली. मला ती लागलेलीच नाही. पहिल्या वर्षापासून प्रत्येक असाइनमेंटला टूल होतं. माझे गुण चांगले आहेत. पण परवा एका मुलाखतीत कोऱ्या कागदावर लिंक्ड लिस्ट (एकमेकींना जोडलेल्या नोंदींची यादी) उलटवायला सांगितली आणि माझं डोकं बंद पडलं. मला ती "येते" असं मी खरंच समजत होतो. चाळीस वेळा वाचली असेल.

माझ्या वर्गातले बरेच जण म्हणतात की आता हे शिकून उपयोग नाही. मला शिकायचं आहे. मला हे आवडतं. फक्त सुरुवात कुठून करू तेच कळत नाही.

अर्धविराम

@पहिलीपायरी, तुझा प्रतिसाद वाचून बराच वेळ नुसती बसले होते.

"चाळीस वेळा वाचली" यातच उत्तर आहे. वाचून ओळख होते, हात बसत नाही. लिंक्ड लिस्ट उलटवताना तीन पॉइंटर असतात, मागचा, आत्ताचा आणि पुढचा. पुढचा आधी बाजूला धरून ठेवला नाही तर उरलेली यादी हातातून सुटते. हे वाचलं की सोपं वाटतं. कागदावर चार चौकोन काढ, बाण काढ आणि एकेक बाण स्वतः खोडून उलटा कर. एकदा तरी यादी हातातून सुटू दे. ती सुटली की जो जीव खाली-वर होतो, त्यानंतर तू हे जन्मात विसरणार नाहीस.

रोज एक तास टूल बंद ठेव. इंटरनेट चालू राहू दे, भाषेची अधिकृत कागदपत्रं वाच, फक्त आयतं उत्तर घेऊ नकोस. प्रोग्राम चालवण्याआधी तो काय छापेल ते कागदावर लिही आणि मग चालव. अंदाज चुकला की तिथेच थांब, कारण त्या जागी तुझ्या डोक्यातलं चित्र आणि खरं यंत्र यांच्यात फरक आहे, आणि तो फरक नेमका कुठे आहे ते तुला नुकतंच कळलंय. एरर आली तर पूर्ण स्टॅक ट्रेस, म्हणजे ती कुठल्या कुठल्या फंक्शनमधून आली त्याची यादी, स्वतः वाच, तुझ्या स्वतःच्या फाइलचं नाव येईपर्यंत. यात सुरुवातीला फार वेळ जातो आणि चिडचिड होते. होऊ दे.

उरलेल्या वेळात टूल वापर, माझी हरकत नाही. पण त्याला परीक्षक कर. आपण लिहिलेलं त्याला दाखव आणि "यात काय चुकेल?" विचार. ते जे सांगेल ते खरंच चुकतं का, ते चालवून बघ. पुष्कळदा चुकत नाही, आणि ते का चुकत नाही हे शोधण्यातही शिकायला मिळतं.

रात्रपाळी

@पहिलीपायरी, अर्धविराम यांच्या सांगण्यात एकाची भर. एक वही ठेव. सुटलेला प्रत्येक बग, त्याचं मूळ कारण आणि तो सुटण्याआधी तुला काय वाटत होतं, अशा तीन ओळी लिही. तिसरी ओळ गाळू नकोस. माझ्या वहीत सत्तरेक बग आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांत तिसऱ्या ओळीत "नेटवर्कचा दोष असेल" असं लिहिलंय. नेटवर्कचा दोष बहुतेक वेळा नव्हताच. आपला अंदाज कायम कुठल्या बाजूला कलतो हे मला त्या वहीने दाखवलं.

ढोबळमानाने

परत आलो. कंपायलरचा मुद्दा मागे घेतो, जपतो काय आणि टाकतो काय हा विचार मी केला नव्हता.

पण ताई, तुमच्या दुरुस्तीत मला एक भोक दिसतंय. फोनवर लिहिणाऱ्या कितीतरी लोकांना अर्धा ‘र’ कुठून काढायचा ते माहीत नसतं. ते "दुसऱ्या"ऐवजी सरळ रफाराचं "दुसर्या" टाइप करतात. मी स्वतः अनेक वर्षं तेच करायचो. तुमच्या आताच्या शोधात त्यांना काहीच सापडणार नाही. टूलने केलेला ‘ऱ’चा ‘र’ चुकीच्या जागी होता, पण त्यांच्यासाठी तोच उपयोगी होता.

अर्धविराम

@ढोबळमानाने, हे फार नेमकं पकडलंत. माझ्या नजरेतून पूर्ण सुटलं होतं, कारण मी स्वतः तसं लिहीत नाही.

आज दुपारी बसून केलं. आता दोन इंडेक्स आहेत. आधी काटेकोर इंडेक्समध्ये शोध होतो, तिथे दऱ्या वेगळ्या आणि दर्या वेगळा. मग सैल इंडेक्समध्ये, तिथे ‘ऱ’ आणि ‘र’ एकच, आणि तिथलं जे सापडेल ते यादीत खाली. "दुसर्या" लिहिणाऱ्याला सगळे लेख मिळतात, आणि "दऱ्या" शोधणाऱ्याला समुद्र दिसलाच तर शेवटी दिसतो. लॉगमध्ये बघितलं तर अशा रफाराच्या शोधांची रांगच लागलेली होती. ती माणसं तक्रार न करता निघून जात होती. हे वाचून जरा गलबलून आलं. खूप आभार.

जुना_खांब

या धाग्यात दोन अनोळखी माणसांनी मिळून एका बगची समज तयार केली. ती आता दोघांच्याही डोक्यात आहे. अर्धविराम, दोन इंडेक्स का ठेवले याचं कारण कोडमध्ये, त्याच ओळीच्या वर, मराठीत लिहून ठेवा. दर्या आणि दऱ्या ही दोन उदाहरणं देऊन. वीस वर्षांनी कुणीतरी ती ओळ काढायला निघेल.

अर्धविराम

लिहिलं, काका. दोन्ही उदाहरणांच्या टेस्टही घातल्या, यावेळी लेखांतूनच काढलेल्या खऱ्या शब्दांच्या.

पहिलीपायरी

तीन आठवड्यांनी लिहितोय. रोजचा तास सुरू आहे, चार दिवस चुकले.

लिंक्ड लिस्ट आता येते, डोळे मिटून येते. मग वाटलं की शब्द उलटवू. "श्री" घेतला. छापण्याआधी अंदाज लिहिला: लांबी १, उलटवला तरी "श्री"च. लांबी ४ आली. उलटवल्यावर दुसरी वेलांटी एकटीच पुढे येऊन ठिपक्यांच्या वर्तुळाला चिकटली. दोन तास गेले, पण कोडपॉइंट आणि डोळ्यांना दिसणारं अक्षर यांतला फरक कळला. ताईंनी सांगितलेली गोष्ट आधीच वाचलेली होती, तरी माझा अंदाज चुकलाच.

मग दिसणारी अक्षरं मोजणाऱ्या लायब्ररी शोधल्या. एकीत "श्री"ची लांबी २ येते, म्हणजे ‘श्’ आणि ‘री’ असे तुकडे पडतात. दुसरीत १ येते. टूलला विचारणार होतो, थांबलो. दोन्हींचा कोड उघडून बसलोय, दुसरीत जोडाक्षरांसाठी एक जास्तीचा नियम आहे असं दिसतंय. पण दोघी युनिकोडचंच नाव सांगतात, मग फरक का?

अर्धविराम

बरोबर जागी पोचला आहेस. दोघी युनिकोडची कोणती आवृत्ती पाळतात ते बघ. तो नियम १५.१मध्ये आला, सप्टेंबर २०२३.

पहिलीपायरी

बघितलं. पहिली १५.० वर आहे. दोन्ही बरोबर होत्या, आपापल्या काळात. वहीत लिहिलं, तिसऱ्या ओळीसकट.